नात्याबाहेरचा दाता: गंभीर अप्लास्टिक ॲनिमियात स्टेम सेल प्रत्यारोपणाची तयारी सोलापुरातून कशी करायची

अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, प्लेटलेट आठ हजार. पोराला दाखल केल्यावर तासाभरात मामा, चुलते, मंडळाची पोरं रक्त द्यायला हजर होतात. बापाचा रक्तगट जुळतो, बाप पिशवी देतो आणि कुणीतरी म्हणतं, "जुळलं की! आता बोन मॅरो पण हेच देतील." इथे दोन चुका आहेत, बापाचं रक्त चढवणं आणि रक्तगटावरून मॅरो जुळला समजणं, आणि दोन्ही सहा महिन्यांनी अंगाशी येतात. माझ्या पुतण्याच्या वेळी आम्ही हेच केलं होतं. त्यानंतर सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, मोहोळकडच्या बऱ्याच घरांसोबत पुण्याच्या आणि हैदराबादच्या ओपीडीत बसलो. माणसं कष्टाला कमी पडत नाहीत, त्यांचा क्रम चुकतो.

अप्लास्टिक ॲनिमिया म्हणजे हाडातला मगज (बोन मॅरो) पुरेशा रक्तपेशी बनवत नाही. स्टेम सेल प्रत्यारोपण म्हणजे निरोगी दात्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशी रुग्णाला देणं. कोणतं औषध, किती डोस हे तुमचे हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) ठरवतील. काय आधी करायचं आणि काय मागून, तेवढंच इथे सांगतो.

## टप्पा १: निदान पक्कं करून घ्या

नुसत्या सीबीसीवर (रक्तपेशींच्या मोजणीवर) "अप्लास्टिक आहे" असं कुणी म्हणत असेल तर थांबा. लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट अशा तिन्ही प्रकारच्या पेशी कमी होण्याची कारणं बरीच आहेत. नुसत्या बी-१२ च्या कमतरतेनेही तसं होतं, आणि ते इंजेक्शनांनी बरं होतं. निदानासाठी मगजातलं पाणी ओढून काढणं पुरत नाही, हाडाचा बारीक तुकडा घेऊन केलेली बायोप्सी लागते.

'गंभीर' हा शब्द डॉक्टर मोजून वापरतात. बायोप्सीत मगज २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेला असतो आणि पुढच्या तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली, प्लेटलेट २०,००० च्या खाली, रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) अगदी कमी. न्यूट्रोफिल २०० च्याही खाली असतील तर 'अतिगंभीर'. रिपोर्टवर टक्केवारी दिसत असली तरी डॉक्टरांना 'ॲब्सोल्यूट न्यूट्रोफिल काउंट किती' हेच विचारा.

याच आठवड्यात आणखी दोन तपासण्या मागा. एक, पीएनएच (लाल पेशी फुटण्याचा, याच्याशी जोडलेला आजार) ओळखणारी रक्ताची तपासणी, फ्लो सायटोमेट्री. दुसरी, फॅन्कोनी ॲनिमिया (मगज निकामी करणारा जन्मजात आजार) ओळखणारी क्रोमोसोम ब्रेकेज तपासणी. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये ही दुसरी टाळूच नका. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न झालेली घरं कमी नाहीत, आणि फॅन्कोनीसारखा आजार बहुतेक वेळा आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलं की होतो. अशा रुग्णाला प्रत्यारोपणाआधीची केमो नेहमीच्या मात्रेत दिली तर शरीर ती झेपवू शकत नाही. मूल वयाच्या मानाने फार बुटकं असेल, अंगठ्यात जन्मजात दोष असेल, त्वचेवर कॉफीच्या रंगाचे चट्टे असतील तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा. अर्थात यातलं काहीच दिसत नसतानाही फॅन्कोनी असू शकतो.

तपासा: बायोप्सीचा कागदी रिपोर्ट आहे, पण स्लाइड आणि ब्लॉक (तपासलेल्या तुकड्याच्या काचा आणि मेणातला ठोकळा)? मोठं केंद्र तेच मागतं. सोलापूर सोडण्यापूर्वी लॅबमधून घेऊन ठेवा, नाहीतर एका डबीसाठी पुण्याहून उलटं यावं लागतं.

## टप्पा २: पहिली पिशवी लटकवण्याआधी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

रुग्णाला रक्ताच्या नात्यातल्या कुणाचंही रक्त किंवा प्लेटलेट चढवू नका. आई, बाप, भाऊ, बहीण, मामा, काका, आत्या, कुणाचंच नाही. कारणं दोन. उद्या यांच्यापैकीच कुणी दाता ठरलं तर त्यांच्या पेशींविरुद्ध रुग्णाच्या शरीरात आधीच प्रतिपिंडं (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं) तयार झालेली असतील, आणि प्रत्यारोपण नाकारलं जाण्याचा धोका वाढेल. दुसरं कारण क्वचित घडतं, पण घडलं तर जीवघेणं असतं: नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळच्याच असल्यामुळे रुग्णाचं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखत नाही आणि त्या आत राहून रुग्णावरच उलटतात.

मग पन्नास माणसं रक्त द्यायला आलीत त्यांचं काय? त्यांना परत पाठवू नका. त्यांचं रक्त रक्तपेढीत बदली म्हणून जमा करा, आणि 'या रुग्णाला नातेवाइकाचं रक्त देऊ नये' हे मागणीपत्रावर डॉक्टरांकडून लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं रात्रपाळीच्या माणसापर्यंत पोचत नाही.

मागणीपत्रावर आणखी दोन शब्द हवेत: ल्युकोरिड्यूस्ड आणि इरॅडिएटेड. पहिल्यात पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या असतात, दुसऱ्यात उरलेल्यांना किरणोत्सर्गाने निकामी केलेलं असतं. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. तुमच्या रक्तपेढीत इरॅडिएशनची सोय आहे का ते आधीच विचारा. नसेल तर निदान गाळलेलं रक्त मिळेल हे पाहा आणि पुढचं कसं करायचं ते हिमॅटॉलॉजिस्टला फोनवर विचारा.

प्लेटलेट शक्यतो सिंगल डोनर, म्हणजे एसडीपी घ्या. एका एसडीपीत साधारण सहा साध्या पिशव्यांइतक्या प्लेटलेट असतात. सहा अनोळखी माणसांऐवजी एकाच माणसाच्या पेशींशी गाठ पडते, त्यामुळे प्रतिपिंडं तयार होण्याची शक्यता कमी. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर) यात्रेत, दिवाळीत, मेच्या उन्हात दाते मिळत नाहीत. मित्रमंडळातल्या नात्याबाहेरच्या आठ-दहा जणांची यादी करून ठेवा, रक्तगट आणि शेवटचं दान कधी केलं त्यासकट.

इशारा: आकडा सुंदर दिसावा म्हणून रक्त चढवून घेऊ नका. "हिमोग्लोबिन अकरा करा, लग्नाला जायचंय" असं म्हणणारे भेटलेत मला. रक्तस्राव नसेल आणि ताप नसेल तर प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्यावर देतात. प्रत्येक पिशवीमागे प्रतिपिंडं वाढण्याची शक्यता असते, आणि लाल रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात साचतं. वीसेक पिशव्या झाल्या की फेरिटिन (साचलेल्या लोहाचं माप) तपासून लोह काढणाऱ्या गोळ्यांचा विचार करावा लागतो.

एक वही घाला. तारीख, पिशवीचा प्रकार, पिशवीचा नंबर, चढवताना थंडी-ताप आला का. प्रत्यारोपणाचे डॉक्टर हाच पहिला प्रश्न विचारतात, आणि "लई चढवलं डॉक्टर" हे उत्तर त्यांच्या उपयोगाचं नसतं.

या काळातलं इतर थोडक्यात: ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद. दंडात-कमरेत इंजेक्शन नाही. मऊ ब्रश. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर पाळी थांबवण्याच्या गोळ्यांबद्दल विचारा, बायका हे सांगायला लाजतात आणि हिमोग्लोबिन घसरत राहतं. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन असले तरी दवाखाना गाठायचा आणि अँटिबायोटिक पहिल्या तासात सुरू व्हायला हवं.

## टप्पा ३: एचएलए तपासणी, औषधाची वाट न पाहता

रक्तगट जुळणं आणि एचएलए (आपली-परकी पेशी ओळखायची शरीराची खूण) जुळणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बी पॉझिटिव्ह रुग्णाला ओ पॉझिटिव्ह दाता चालतो, नंतर रुग्णाचा रक्तगटच बदलतो. एचएलएचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा बापाकडून. म्हणून एका सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडं असली तरी ती पन्नास होत नाही, ४४ च्या आसपास राहते.

कोणाकोणाचे नमुने द्यायचे? रुग्ण, सगळी सख्खी भावंडं आणि आई-वडील. चुलत-मावस भावंडांची रांग साधारणपणे लावू नये, पैसे जातात. अपवाद एकच: आई-वडील नात्यातलेच असतील तर लांबच्या नात्यातही पूर्ण जुळणारा माणूस सापडू शकतो. अशा घरांनी वंशावळीचा कागद काढून डॉक्टरांसमोर ठेवावा.

पांढऱ्या पेशी फार कमी असल्या किंवा नुकतंच रक्त चढवलं असलं तर रक्ताऐवजी गालाच्या आतल्या बाजूचा स्वॅब घेता येतो. "पेशी वाढू देत, मग करू" हे कारण ऐकून घेऊ नका.

नेहमीची चूक: स्वस्तातली लो रिझोल्यूशन तपासणी. भावंडांची पहिली चाळणी तिच्यावर भागते, नात्याबाहेरचा दाता शोधायला ती कुचकामी आहे. रुग्णाची तपासणी पहिल्या दिवसापासून हाय रिझोल्यूशन करा, ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१ या पाचही जागांची. प्रत्येक जागेचे दोन, म्हणून '१० पैकी १०' हा शब्द पुढे सारखा कानावर येईल.

एक नाजूक गोष्ट. मूल दत्तक असेल किंवा घरात कुणाला सांगितलेलं नाही असं काही असेल तर ते एचएलएच्या कागदावर उघड होतं. आधी एकट्याने जाऊन प्रत्यारोपण केंद्राच्या कोऑर्डिनेटरला सांगा, म्हणजे रिपोर्ट सगळ्या गोतावळ्यासमोर वाचला जाणार नाही.

## टप्पा ४: आधी औषध की थेट प्रत्यारोपण

रुग्ण चाळिशीच्या आतला असेल आणि भावंड पूर्ण जुळत असेल तर सहसा थेट प्रत्यारोपण. भावंड जुळत नसेल तर मोठ्या माणसांत आधी एटीजी आणि सायक्लोस्पोरिन (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) आणि सोबत एल्ट्रोम्बोपॅग (पेशी वाढवणारी गोळी) देतात. घोड्यापासून बनवलेलं एटीजी सशापासून बनवलेल्यापेक्षा पहिल्या उपचारासाठी सरस ठरलं आहे, तेव्हा कोणतं देणार ते विचारा. लहान मुलांत आणि तरुणांत १० पैकी १० दाता लगेच मिळण्यासारखा असेल तर काही केंद्रं औषधाचा टप्पा गाळून सरळ त्याच्याकडे वळतात.

एटीजीचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. घरं नेमकी इथे झोपतात. औषध चालू आहे, बघू, होईल. सहाव्या महिन्यात कळतं की गुण आला नाही, तेव्हा दाता शोधायला सुरुवात होते, आणि तोवर रुग्ण पन्नास पिशव्या आणि एक बुरशीचा संसर्ग घेऊन बसलेला असतो. एटीजी सुरू होईल त्याच आठवड्यात दात्याचा शोध सुरू करा. गुण आला तर शोध थांबवता येतो.

आयुर्वेदिक भस्मं, पपईच्या पानाचा रस, कुणाच्या गावचं औषध यांबद्दल घरात भांडण होणारच. एवढंच पाहा की सायक्लोस्पोरिन चालू असताना डॉक्टरांना न सांगता पोटात काही जाणार नाही. यकृत आणि किडनी दोन्ही आधीच ताणाखाली असतात.

## टप्पा ५: नात्याबाहेरचा दाता शोधणं

शोध तुम्ही घ्यायचा नसतो, प्रत्यारोपण केंद्र घेतं. रुग्णाचा एचएलए रिपोर्ट केंद्र नोंदणी संस्थांकडे पाठवतं: भारतात दात्री, डीकेएमएस फाउंडेशन इंडिया, मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री वगैरे, आणि जागतिक यादीत चार कोटींहून जास्त दाते आहेत. आकडा ऐकून हुरळू नका. भारतीय एचएलएचे नमुने भारतीय दात्यांतच जास्त सापडतात आणि आपल्याकडची नोंदणी लोकसंख्येच्या मानाने तुटपुंजी आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्नं झालेल्या समाजात काही नमुने पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून पद्मशाली, लिंगायत, धनगर, मुस्लिम अशा कुटुंबांनी मूळ गाव आणि मातृभाषा कोऑर्डिनेटरला सांगितलेली बरी.

शोधाचे थर असे:

१. प्राथमिक यादी. संगणकावरची, लवकर मिळते. यावर पेढे वाटू नका.

२. पडताळणी. दात्याशी संपर्क, त्याचा नवा नमुना, पुन्हा एचएलए. अनेक नावं इथेच गळतात: फोन बदललेला, घरच्यांचा विरोध, गर्भारपण, आजार.

३. निवड. दोघे-तिघे जुळले तर डॉक्टर सहसा तरुण दाता निवडतात, मग सीएमव्ही विषाणूची तपासणी, रक्तगट वगैरे पाहतात. राखीव म्हणून दुसरं नाव कोणतं ते विचारून ठेवा.

४. दात्याची वैद्यकीय तपासणी आणि लेखी होकार.

यात दोन-तीन महिने सहज जातात.

मगज की रक्तातून काढलेल्या पेशी? अप्लास्टिक ॲनिमियात शक्य असेल तर मगजातून काढलेल्या पेशी बऱ्या मानतात, कारण त्यात जुनाट जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला, कमी होतो. पण आपल्याकडचे नात्याबाहेरचे दाते बहुतेक रक्तातूनच पेशी देतात: पाच दिवस इंजेक्शनं, मग मशीनवर चार-सहा तास. त्या पेशी लवकर रुजतात, आणि संसर्गाची भीती मोठी असलेल्या रुग्णाला त्याचाही फायदा असतो. केंद्राला विचारा की मगज मागितला होता का, आणि नाही तर का नाही.

शिबिराबद्दल. गणेश मंडळं आणि इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं मनापासून शिबिरं घेतात. जरूर घ्या. पण त्यातून *तुमच्याच* रुग्णाला दाता मिळेल या भरवशावर राहू नका. तिथे स्वॅब देणारा मुलगा परभणीच्या किंवा परदेशातल्या रुग्णाला जुळू शकतो, आणि तेव्हा त्याने फोन उचलायला हवा. भावनेच्या भरात शंभर नोंदवण्यापेक्षा समजून-उमजून होकार दिलेले वीस चांगले.

दाता मिळालाच नाही तर अर्धा जुळणारा आई, बाप, भाऊ किंवा मूल हा मार्ग आता बरीच केंद्रं वापरतात. त्यासाठी आधी प्रतिपिंडांची तपासणी लागते. टप्पा २ मध्ये बापाचं रक्त का नको म्हटलं, त्याचा हिशेब इथे होतो.

## टप्पा ६: केंद्र आणि पैसा

सोलापूरकरांना पुणं आणि हैदराबाद दोन्ही अंतराने परवडतात. मुंबई आणि वेल्लोरचं सीएमसी हेही पर्याय आहेत, वेल्लोरला काटपाडीला उतरायचं. जवळच्यापेक्षा जिथे *नात्याबाहेरच्या दात्याची* प्रत्यारोपणं नियमित होतात ते केंद्र निवडा. नुसतं "बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) करतो" एवढं पुरत नाही. नातेवाइकांचं घर कुठे आहे हेही महत्त्वाचं. अशोक चौकातल्या तेलुगू घरांना हैदराबादेत आत्या-मावशा असतात, शंभर दिवसांचं भाडं आणि स्वयंपाक तिथे सुटतो.

लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात या ओळी वेगळ्या आहेत का ते पाहा: दाता मिळवण्याचा खर्च, केमो आणि एटीजी, वॉर्ड, संसर्ग झाला तर लागणारी औषधं, घरी सोडल्यानंतरच्या गोळ्या. दात्याला मोबदला दिला जात नाही, पण त्याच्या तपासण्या आणि पेशी काढण्याचा खर्च रुग्णाकडून घेतात, आणि तो आगाऊ भरावा लागतो.

मदतीसाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, महात्मा फुले योजनेत काही बसतं का ते, आणि विश्वस्त संस्था. मुलांसाठी कोल इंडियाच्या पैशातून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत अप्लास्टिक ॲनिमियाही आहे, अटी केंद्राच्या समाजसेवकाला विचारा. बहुतेक निधी पैसे थेट रुग्णालयाला देतात, भरून झालेलं बिल परत मिळत नाही. म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार हे दाखल होण्याआधी तयार हवं. रेल्वेतही अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात भाड्यात सवलत आहे, ठरलेल्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. न्यूट्रोफिल फार खाली असताना मात्र भरलेल्या डब्यातून नेण्यापेक्षा गाडी करा.

## टप्पा ७: दाखल होण्याआधीचे पंधरा दिवस

- दातांची तपासणी, किडके दात, सायनस. लपलेला संसर्ग पुढे उफाळतो.
- तरुण मुलगा असेल तर वीर्य साठवून ठेवणं. मुलींसाठीचे पर्याय वेगळे आणि अवघड, तरी विचारा. केमो सुरू झाल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.
- गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन.
- सोबत राहणारी दोन माणसं ठरवा, आलटून-पालटून. त्यांना फ्लूची लस.

सर्वांत मोठा इशारा: दात्याची वैद्यकीय मंजुरी, लेखी होकार आणि पेशी काढण्याची तारीख हातात आल्याशिवाय केमो सुरू होता कामा नये. दाता शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणू शकतो, तो त्याचा हक्क आहे. पण रुग्णाचा उरलासुरला मगज आणि प्रतिकारशक्ती मोडून झाल्यावर दाता मागे फिरला तर परतीची वाट नसते. "तारीख नक्की आहे ना?" हे कोऑर्डिनेटरला दोनदा विचारायला लाजू नका.

## टप्पा ८: वॉर्डात

इथे तुमच्या हातात फारसं काही नसतं. फ्लुडाराबिन, सायक्लोफॉस्फमाइड, एटीजी आणि बऱ्याचदा अगदी कमी मात्रेचं रेडिएशन. मग पिशवी येते, रक्तासारखीच दिसते, तासा-दोन तासांत चढून होते. बाहेरगावाहून येणाऱ्या पेशी थंड पेटीतून येतात आणि ७२ तासांच्या आत चढवायच्या असतात. सलग तीन दिवस न्यूट्रोफिल ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या असं म्हणतात, त्याला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर रोजचा काउंट गावाकडच्या ग्रुपवर टाकू नका. फोन थांबत नाहीत आणि रुग्ण ते सगळं ऐकत असतो.

## टप्पा ९: शंभर दिवस आणि सोलापूरला परत

पहिले शंभर दिवस केंद्रापासून तासाभराच्या आत राहा. अंगावर पुरळ, पातळ जुलाब, डोळे पिवळे होणं, ताप: यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी फोन.

सायक्लोस्पोरिनची पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी घेऊन जाऊ नका. आधी रक्त द्या, मग गोळी. इतकी साधी गोष्ट, पण चुकीच्या आकड्यावर डोस कमी होतो आणि गुंतागुंत सुरू होते. मेडिकलवाल्याने दुसरी कंपनी दिली तर घेऊ नका. पपनस खाऊ नका. रक्तदाब आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) मोजत राहा. पोरगं ठणठणीत दिसायला लागलं की घरचे स्वतःच गोळ्या कमी करतात. अप्लास्टिक ॲनिमियात हे औषध नऊ-बारा महिने चालवून अगदी हळू उतरवतात, कारण रुजलेल्या पेशी उशिराही नाकारल्या जाऊ शकतात. त्यावर लक्ष ठेवायला कायमेरिझमची (दात्याच्या पेशी किती टक्के आहेत याची) तपासणी असते, ती चुकवू नका.

घरी येण्याआधी घराचं बघा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, टाकी आणि बॅरलमध्ये साठतं. रुग्णाला तेच पाणी उकळून, झाकून, त्याच दिवशीचं. आंघोळीच्या बॅरलला नळ बसवा, तांब्या बुडवू नका. लूम (यंत्रमाग) घरातच असेल तर रुग्णाची सोय दुसरीकडे करा. रंगकाम, फरशी, जुनं बांधकाम पाडणं आधीच उरकून घ्या, धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते. कडक भाकरी चालेल. उखळात कुटलेली सुटी शेंगा चटणी, कच्ची कोशिंबीर, बाहेरचं दही, तीर्थ आणि पंचामृत डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. गड्डा आणि वारी एक वर्ष टीव्हीवर.

बाळपणीच्या सगळ्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात. मृत लसी साधारण सहा ते बारा महिन्यांनी, गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत नाहीत. घरातल्या लहान बाळाला पोलिओचे थेंब द्यायचे असतील तर आधी केंद्राला विचारा.

दात्याचं नाव किमान वर्षभर कळत नाही. पत्र लिहायचं असेल तर नोंदणी संस्थेमार्फत जातं, आणि त्यात नाव, गाव, रुग्णालय काही लिहायचं नसतं. आमच्या पुतण्याने चादरीचं चित्र काढून पाठवलं होतं. कोऑर्डिनेटर हसून म्हणाल्या, "अरे, यावरून गाव कळेल," आणि त्याला दुसरं काढायला लावलं.